येळवशीला धरलेले पथ्य

अहमदपूर,
पाडव्यानंतरचा तिसरा दिवस, सकाळ

ती. रत्नम्मा अक्कास,

धाकट्या महादेवप्पाचे बिलोलीच्या दिशेला तोंड करून शरणु शरणार्थ. (वाकून केले असते, पण माझे वाकणे सध्या डॉक्टरच्या परवानगीवर चालते.)

तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही. परवा फोनवर तू चाळीस मिनिटे बोललीस आणि मला "हाव" म्हणण्यापुरती जागा ठेवलीस, त्यावरून ती ठणठणीत असणार. डोळ्याची पट्टी निघाली हे बरे झाले. भाऊजींचा खोकला आता तरी गेला असेल. गेला नसेल तर त्यांना सांग, खोकणाऱ्या माणसाने विडी सोडावी, खोकला नव्हे. (हे वाक्य माझे आहे, चाकूरच्या व्यसनमुक्ती सभेत टाळ्या घेऊन गेले होते.)

तुझ्या फोनमधून मी वहीत पाच गोष्टी उतरवून घेतल्या. तुझ्या महिला वाचनालयाला पंचवीस वर्षे झाली. बारा एप्रिलला कार्यक्रम आहे. वक्ता मी आहे. व्यासपीठावर माझ्यासाठी गादीची खुर्ची ठेवणार आहेस. आणि रात्री जेवायला पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया, तळलेल्या मिरच्या, शेवयाची खीर व "तुला आवडते म्हणून" शेंगदाण्याची पोळी. पहिल्या तीन गोष्टी मान्य. चौथी नामंजूर. पाचवीसाठी हे पत्र. फोनवरच सांगितले असते, पण चाळीस वर्षे सभा गाजवलेल्या तुझ्या भावाला तुझ्यासमोर एक वाक्य सलग पुरे करता आलेले नाही. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, हा पत्राचा फार मोठा गुण आहे. आज पोटभर बोलून घेतो. (पोटभर करण्यासारखे आता तेवढेच उरले आहे.)

खुर्चीचे आधी सांगतो. दिवाळीनंतर लातूरला एका कॉलेजात माझे श्रमप्रतिष्ठेवर भाषण होते. सभागृह भरलेले. "ज्याच्या हाताला घट्टा नाही त्याला भाकरीवर हक्क नाही" असे म्हणून मी उजवा हात वर उचलला आणि त्याच क्षणी डाव्या गुडघ्याने राजीनामा दिला. माइकचा दांडा धरला म्हणून वाचलो. पोरे प्रेमाने धावली, खुर्ची आणली, मला बसवले, आणि उरलेले भाषण मी बसून केले. अक्का, बसून माणूस सल्ला देऊ शकतो, सोयरीक जमवू शकतो, मोंढ्यात सौदा तोडू शकतो. अन्यायाविरुद्ध बसून बोलता येत नाही. पोटाची घडी पडते, आवाज त्या घडीत अडकतो, आणि बाहेर येतो तो विनंतीअर्ज. शेवटी एक म्हातारबा येऊन म्हणाले, "सर, आज लई शांत बोललाव. बरं वाटलं." आयुष्यात माझा एवढा अपमान कुणी केला नव्हता, आणि त्यांनी तो मनापासून केला. त्या दिवशी शपथ घेतली, की यापुढे उभा राहूनच बोलेन, नाहीतर बोलणारच नाही. तेव्हापासून साडेचार महिने मी गप्प आहे. (घरात बोलतो, पण घरात कोण ऐकते?)

तुझ्या भावजयीने, म्हणजे गुणाबाईने, मला धरून नांदेडला नेले. तिथे हाडांच्या डॉक्टर आहेत, बुद्धप्रिया नावाच्या. शाळेत असताना त्यांनी माझे भाषण ऐकले होते म्हणे, त्यामुळे मी खूश झालो. पण ती खुशी वजनकाट्यापर्यंतच टिकली. एकशे चार किलो! फोटोतला माझा गुडघा दाखवून त्या म्हणाल्या, "सर, गुडघे एका माणसाचे आहेत, वर दीड माणूस बसलाय." नऊ किलो उतरवा, पंचाण्णववर या, मग तासभर उभे राहून बोला, तोवर दहा मिनिटांच्या वर उभे राहायचे नाही. आणि एक कागद दिला. चहा बिनसाखरेचा, ताक लोणी काढलेले, तळलेले बंद, फोडणीचे तेल चमच्याने मोजून, अर्धे ताट भाजी, आणि एकदाच वाढून घेणे. झाला कागद. आता तूच सांग, मी आयुष्यभर ग्रंथ वाचलेला माणूस, एका पानाच्या कागदावर माझी श्रद्धा कशी बसावी? कागद खिशात घातला आणि आहारावरची अकरा पुस्तके मागवली. ती वाचायला पंधरा दिवस लागले. वाचताना काहीतरी तोंडात टाकायची माझी सवय तुला ठाऊक आहे.

पुस्तकांतून मी एवढे घेतले की खरी लढाई वेष्टनावर लढली जाते. मग मी किराणा दुकानात जाऊन वेष्टने वाचू लागलो. लातूरला मोठ्या बाजारात गेलो तेव्हा चष्मा लावून दोन तास उभा होतो (दहा मिनिटांचा नियम तिथेच मोडला). काय काय आणले म्हणून सांगू? कमी चरबीचा चिवडा, भाजलेला, न तळलेला. पचनाची बिस्किटे. बिनसाखरेचा खजूर लाडू. कमी स्निग्धांशाचे दही, ज्याची चव धुतलेल्या पातेल्यासारखी. हिरवा चहा, म्हणजे गरम पाण्याशी पानाची तोंडओळख. ओट्स, जे पाहून आपल्या म्हशीने मान वळवली असती, पण मी खाल्ले. बिस्किटांच्या पुड्यावर लिहिले होते, अठ्ठ्याण्णव कॅलरी. मी म्हटले, वा! एका पुड्यात अठ्ठ्याण्णव! तीन आठवडे रोज एक पुडा चहाबरोबर घेतला आणि मनात विज्ञानाचे आभार मानले. मग एके दिवशी सूनबाई मंजुश्रीने पुडा उलटा करून बारीक अक्षरे दाखवली. ते अठ्ठ्याण्णव तीन बिस्किटांचे होते. पुड्यात सत्तावीस! मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की तळटीप वाचल्याशिवाय लेखकावर विश्वास ठेवू नका, आणि मलाच तळटीपेने गाठले. गुणाबाई आतून म्हणाली, "खावा की. पुड्यावर लिवलंय न्हवं, वजन कमी होतंय म्हणून? मग पुडा घाला गुडघ्यावर." तिने उभ्या आयुष्यात भाषण केले नाही, पण समारोप तिचाच होतो.

तेव्हा मी ठरवले की वेष्टनातले सगळे परके आणि लबाड. आपल्या मातीतच उत्तर आहे. आणि तेवढ्यात येळवस आली, सगळ्यांनी शेतात जाऊन जेवायची ती अमावास्या. आता तू नीट ऐक, कारण इथे मी फसलो, आणि फसलो ते पूर्ण विचारांती. मी कागद घेऊन मांडणी केली. येळवशीच्या भज्जीत काय असते? हरभऱ्याचे ओले दाणे, तुरीचे दाणे, वाटाणे, पालेभाजी, हिरवी मिरची, सगळे शिजवलेले. तेल नावाला. बाजरीच्या पिठाचे उंडे, तेही उकडलेले. आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ आणि लोणी काढलेले ताक. सगळ्या जगात यापेक्षा कमी चरबीचे जेवण आणि कमी उष्मांकाचे पेय दाखवा! आपल्या आज्याने कुठलेही पुस्तक न वाचता हे पथ्य लावून दिले आणि आपण ते वर्षातून एकच दिवस पाळतो! मी इतका पेटलो, की घरातच अर्धा तास बोललो. (बसून. म्हणून ते भाषणात धरत नाही.) आणि जाहीर केले, की माझे पथ्य येळवशीला सुरू होणार.

चाकूरजवळ रेवणप्पाचे शेत आहे. तो माझा जुना विद्यार्थी. त्याच्या कडब्याच्या कोपीपुढे मांडी घालता येईना म्हणून मला पोत्यांची थप्पी रचून दिली. मी बसताच सांगितले, रेवणप्पा, मी पथ्यावर आहे, तेल चालणार नाही. त्याला फार आनंद झाला. म्हणाला, "सर, तेलाचा थेंब न्हाई बघा. आता नको म्हनायला तुमाला कारनच न्हाई उरलं." आणि त्याने वाढले. मग त्याच्या आईने वाढले. मग बायकोने वाढले, कारण आईच्या हातचे खाल्ले आणि तिच्या हातचे नाही हे कसे चालेल? आणि इथे, अक्का, माझेच तत्त्व माझ्या छातीवर बसले. गेली चाळीस वर्षे मी गावोगाव सांगत आलो आहे, की ताटात आले ते प्रसाद आहे, त्यातला कण टाकणारा माणूस शेतकऱ्याच्या घामावर थुंकतो. आपल्या घरी आप्पा ताट धुऊन ते पाणी पीत, मीही पितो. हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. लोक माझ्या ताटात दाबून वाढतात, कारण त्यांना खात्री आहे की इथे वाया जाणार नाही. दुसऱ्या कुठल्याही वक्त्याला अर्धे ताट टाकून उठता येते, मला नाही. माझे वजन हे माझ्या विचारांचे वजन आहे, असे मी गुणाबाईला सांगितले. ती म्हणाली, मग थोडे विचार कमी करा.

बरे, येळवशीला माणूस एकाच शेतात जेवून सुटतो काय? बांधावरून माणूस दिसला की त्याला हाक. पुढच्या शेतात बोलावले, "तिकडं जेवलाव अन् आमच्याकडं फकस्त राम राम?" त्याच्या पुढच्याने रस्ताच अडवला. दिवस मावळेपर्यंत चार शेते झाली. चारही ताटे धुऊन प्यालो. आणि आंबील! ते तर पेय, कमी उष्मांकाचे. त्याची मोजदाद कशाला? मी अकरा तांबे प्यालो आणि प्रत्येक तांब्याला वाटत होते, अर्धा पाव उतरला. परत येताना जीपच्या पुढच्या सीटवर मी एकटा, मागे सात माणसे, आणि तरी गाडी पुढेच कलत होती.

वजन मी घरात करत नाही. घरचा काटा एकशे दोनला हात टेकतो. म्हणून पोराच्या, श्रीशैलच्या आडतीवर, मोंढ्यात, जिथे तुरीचे कट्टे तोलतात त्या काट्यावर उभा राहतो. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी गेलो. तिथे शेषेराव हमाल आहे, त्याला वजन मनात वाचता येत नाही, तोंडाने पुकारावेच लागते. सगळा मोंढा ऐकेल असा ओरडला, "एक क्विंटल सात किल्लो!" मग माझ्याकडे पाहून त्याला वाईट वाटले असावे, हळूच म्हणाला, "मालक, ओल धरून हाय. वाळल्यावर भरंल तेवढं खरं." व्यापारी हसले. एकाने विचारले, सर, हमीभाव लागतो का? मी त्या दिवशी हसलो नाही, अक्का. काट्यावरून उतरताना शेषेरावच्या खांद्यावर हात ठेवावा लागला. तो साठ किलोचा माणूस, शंभराचा कट्टा पाठीवर नेतो. मला वाटले, जन्मभर श्रमावर बोललो, आणि आज एका श्रमिकाच्या खांद्यावर माझा भार टाकून उभा आहे. हे वाक्य भाषणात फार चांगले जाईल हे लगेच सुचले, आणि लगेचच हेही, की ते म्हणायला उभे राहावे लागेल.

नांदेडला पुन्हा गेलो. डॉक्टरबाईंना अकरा पुस्तके, बिस्किटे, येळवस, आप्पांचे ताट, सगळे सविस्तर सांगितले. बाहेर रांग लागली होती, तरी त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "सर, माझ्या कागदावरची शेवटची ओळ वाचली का?" मी म्हटले, वाचली, एकदाच वाढून घेणे. म्हणाल्या, "ती एकच ओळ पाळा. ताटात टाकायचं नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकले. ताटात घ्यायचं किती, हे तुम्ही कधी सांगितलंच नाही."

मी मुद्दा मान्य केला आणि उठलो. माझ्या सार्वजनिक जीवनात हे घडल्याची ही दुसरीच नोंद. (पहिली तू.) परतीच्या एस.टी.त लोह्यापासून अहमदपूरपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसलो. चाळीस वर्षे लोकांना ताटाच्या शेवटाबद्दल सांगितले, सुरुवातीबद्दल नाही. कारण सुरुवातीला "नको" म्हणावे लागते, आणि सत्तेला, सावकाराला, बुवाबाजीला नको म्हणणारा मी, पळी घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला कधी नको म्हणू शकलो नाही.

मग नको म्हणायचा अभ्यास सुरू केला. वाटते तितके सोपे नाही. पहिल्यांदा सविस्तर नको म्हणत होतो, कारणांसह. मुद्दा मांडून होईपर्यंत ताट भरलेले असे. मग ताटावर हात आडवा धरला, तर उदगीरच्या व्याह्यांनी माझ्या हातावरच तूप वाढले. ते चाटावे लागले, कारण हातावरचेही प्रसादच. शेवटी मंजुश्रीने युक्ती सांगितली, "मामंजी, फक्त नको म्हना अन् तोंड मिटा. पुढं बोलू नका." तोंड मिटा! मला! पण जमले, अक्का. महिनाभर धडपडलो आणि जमले. एक भाकरी, भाजी दुप्पट, वरण पातळ, ताक लोणी काढलेले, दोन वेळा. दिवसातले नऊ चहा चारवर आले आणि त्यांतली साखर गेली. आधी तो चहा शोकसभेसारखा लागे, आता त्यात चहाची चव येते. शिवरात्रीला मी साबुदाण्याला नको म्हटले, लोकांना वाटले आजारी आहे. परवा पाडव्याला एक पोळी घेतली, एकच, तूप बोटाने लावून, आणि ती अर्धा तास खाल्ली. इतकी गोड पोळी मी चाळीस वर्षांत खाल्ली नव्हती. गुणाबाई समोर बसून पाहत होती.

काल मोंढ्यात गेलो. शेषेराव ओरडला, "अठ्ठ्याण्णव किल्लो, वाळलेला माल!" आणि कुणीतरी टाळी वाजवली.

म्हणून तुझ्या यादीकडे येतो. तुझा आग्रह म्हणजे काय हे मी जाणतो. तू वाढत असताना भाऊजींनी एकदा ताट डोक्यावर धरून पळ काढला होता. तू कष्टाने केलेले मी टाकू शकत नाही आणि आता खाऊही शकत नाही, म्हणजे मला तुझ्याच घरी उपाशी किंवा पापी व्हावे लागेल. तेव्हा पाहुण्यांना हवे ते कर. मला एक ज्वारीची भाकरी, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, तेल चमचाभर, कांदा आणि ताक. एकदाच वाढ. आणि खुर्ची उचलून आत ठेव. मी बारा एप्रिलला तुझ्या वाचनालयासमोर उभा राहून बोलणार आहे, पूर्ण तास, पूर्वीसारखा. भिंतीवरची पाल खाली पडेल इतक्या जोरात. विषय ठरला आहे : "वाचणारी बाई आणि घाबरणारे घर". तुझ्याच आयुष्यावर आहे, पण तुझे नाव घेणार नाही. सगळ्यांना कळेलच.

भाऊजींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद. म्हशीला कुरवाळ.

तुझा,
महादेवप्पा

ता.क. : शेंगदाण्याची पोळी केलीच, तर ती बांधून गुणाबाईकडे दे, मला दाखवू नको.

दुसरा ता.क. : हे पत्र भाऊजींना वाचून दाखवशील तर इथे थांब. इथून पुढचे फक्त तुला.
पंचाण्णववर यायला अजून तीन किलो उतरायचे आहेत आणि दिवस एकवीस. डॉक्टरबाईंनी पूर्ण तासाची परवानगी दिलेली नाही. वर "पूर्ण तास" लिहिले ते भाऊजींसाठी. गच्चीवर उभे राहून पाहिले, पंचवीस मिनिटे निभावते. तर असे कर. पंचविसाव्या मिनिटाला एक चिठ्ठी वर पाठव, "वेळ संपत आली आहे, कृपया आटोपते घ्यावे", खाली संयोजक म्हणून तुझी सही. मी ती वाचून रागावेन, सभेला दाखवेन, संयोजकांच्या घाईबद्दल दोन कडक वाक्ये बोलेन आणि बसेन. लोकांना वाटेल तू थांबवलेस. तुला दोन शब्द बसतील, त्याची आत्ताच माफी मागतो. लहानपणी तू माझ्या वाटचा मार खाल्ला आहेस, म्हणून मागायचे धाडस झाले.

(याखाली दुसरे अक्षर)

आक्कांना गुणाबाईचा नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडं दिलं, पाकीट उघडं होतं, म्हणून वाचलं. पंचवीस न्हाई, अठरा. मी रोज जिन्यात घड्याळ घेऊन बसते, त्यांना ठाऊक न्हाई. अठराव्या मिनिटाला पाय थरथरायला लागतो, आवाज मात्र थरथरत न्हाई, म्हणून त्यांना वाटतं कुणाला कळत न्हाई. तर चिठ्ठी सतराव्याला पाठवा. ते चिडले तर खरंच चिडतील, कारण त्यांना वाटंल अजून आठ मिनिटं होती. चिडू द्या. चिडले की लई चांगलं बोलतात.